कलिंगडाच्या बिया खायच्या कशा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कलिंगडांच्या राशी दिसायला लागतात आणि माझ्याकडे प्रश्न यायला लागतात. शेजारच्या काकी विचारतात, मुलांच्या मैत्रिणींच्या आया फोन करतात, गल्फमधून सुट्टीवर आलेली भावंडं विचारतात. बार्देशातल्या आमच्या घरी कलिंगडाची बी कधी टाकली जात नाही. आजी ती सुपात घालून राजांगणात (घरामधल्या मोकळ्या चौकात) वाळत टाकायची, आता मी टाकते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आले, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एक उत्तर दोनदा लिहिलेलं नाही. जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कलिंगडाची बी खरंच खातात? आम्ही तर आजवर थुंकतच आलो.

खातात, आणि आवडीने खातात. चीनमध्ये नववर्षाला पाहुणे आले की भाजलेल्या कलिंगडाच्या बिया पुढे ठेवायची पद्धत आहे. आखाती देशांत त्या शेंगदाण्यासारख्या कागदाच्या पुडीत मिळतात. पश्चिम आफ्रिकेत कलिंगडाच्याच जातकुळीतल्या फळाच्या बिया वाटून रश्शाला दाटपणा आणतात. तिकडे त्या बियांना ‘एगुसी’ म्हणतात. आपल्याकडेही कलिंगडाची बी ओळखीचीच आहे, फक्त वेगळ्या नावाने. ते पुढच्या प्रश्नात.

२. दुकानात ‘मगज’ मिळतो, तो हाच का?

हो. बीचं टरफल काढलं की आत जो पांढरा, चपटा दाणा राहतो तो मगज. ‘चार मगज’ म्हणून मिळतात त्यात साधारणपणे कलिंगड, खरबूज, काकडी आणि भोपळा यांच्या बियांचे दाणे असतात. हलवाई तो मिठाईवर लावतात, थंडाईत वाटतात, हॉटेलवाले पांढऱ्या रश्शात काजूच्या जोडीला घालतात.

नुसता मगज खायचा असेल तर काम सोपं आहे: कोरड्या कढईत मंद आचेवर ४-५ मिनिटं परता, दाणे फुगायला लागले की उतरवा, वरून मीठ. पण घरच्या कलिंगडाची बी टरफलासकट भाजण्यात जी मजा आहे ती यात नाही, म्हणून पुढची बहुतेक उत्तरं अख्ख्या बीबद्दल आहेत.

३. कुठल्या कलिंगडाची बी चांगली?

ज्या फळात बी काळी किंवा गडद तपकिरी, टणक आणि भरलेली असेल ते. फळ जितकं वेलावर पिकलेलं, तितकी बी भरलेली. आपल्या गोव्यात भात कापून झाल्यावर शेतातल्या उरलेल्या ओलीवर कलिंगड लावतात आणि ते उन्हाळ्यात बाजारात येतं. त्या गावठी, मोठ्या फळांच्या बिया मला सगळ्यात आवडतात, कारण दाणा मोठा असतो. परराज्यातून येणाऱ्या लहान, गडद सालीच्या संकरित फळांची बी बारीक असते. ती सोलत बसण्यात अर्थ नाही, टरफलासकटच चावून खावी (प्रश्न १२).

पांढऱ्या, मऊ बिया म्हणजे न पिकलेल्या बिया. त्या फळाबरोबर खाल्ल्या तर काही बिघडत नाही, पण भाजल्या की नुसतं कागदासारखं टरफल उरतं. ‘बिनबियांच्या’ कलिंगडात दिसतात त्या पांढऱ्या चकत्या तर रिकामीच टरफलं असतात, त्यात दाणा धरलेलाच नसतो.

४. दुबईहून भाऊ बिया आणतो त्या एवढ्या मोठ्या असतात. आपल्या तशा का होत नाहीत?

कारण त्या बीसाठीच वाढवलेल्या वाणांच्या असतात. अशा कलिंगडात गर कमी किंवा फिका, आणि बी मात्र मोठी आणि भरपूर. आपण गरासाठी कलिंगड घेतो, बी ही वरकड मिळकत. एका मोठ्या फळातून मूठभर बी निघाली तरी मी समाधानी असते. म्हणून एका फळाची बी लगेच भाजायला घेऊ नका, वाळवून साठवा आणि चार-पाच फळांची एकत्र भाजा.

५. बिया काढताना सगळा गर चिवडला जातो. काही युक्ती आहे?

आहे. कलिंगडाच्या बिया सगळीकडे विखुरलेल्या नसतात, त्या मधल्या गाभ्याभोवती ओळीने बसलेल्या असतात. फळ आडवं कापून गोल चकती काढा, बियांचं कडं स्पष्ट दिसेल. त्या कड्यावरून सुरी फिरवली की मधला बिनबियांचा गाभा अख्खा सुटतो आणि बिया उघड्या पडतात. मग चमच्याच्या मागच्या टोकाने त्या वाडग्यात पाडा. ज्यूस करायचा असेल तर बिया आधी काढा. मिक्सरमध्ये फुटलेली बी काही कामाची नसते.

६. मुलं खाताना बिया तोंडातून काढून ताटात टाकतात. त्या वापरल्या तर चालतात का?

घरच्या घरी, घरच्यांसाठी, नीट धुऊन आणि भाजून वापरायला मला हरकत वाटत नाही. पण पाहुण्यांना द्यायच्या, विकायच्या किंवा कुणी आजारी असलेल्या घरातल्या असतील तर नको. त्यापेक्षा कापतानाच काढाव्यात.

७. बिया धुवायला किती कटकट! नुसत्या पाण्याखाली धरल्या तर नाही का भागत?

नाही भागत. बीवर एक बुळबुळीत गोड पातळ थर असतो. तो राहिला तर तीन गोष्टी होतात: वाळताना मुंग्या येतात, भाजताना साखर जळून कडवट वास येतो आणि डब्यात बिया एकमेकींना चिकटतात.

बिया मोठ्या पातेल्यात घेऊन बुडेल इतकं पाणी घाला आणि तळहातांमध्ये तांदूळ चोळल्यासारख्या चोळा. गर वर येईल, तो ओता. असं तीन-चार वेळा. ओल्या असताना ज्या बिया तरंगतात त्या बहुतेक पोकळ असतात, त्याही गराबरोबर जाऊ द्या. शेवटी चिमूट बोटांत धरून घासा: बी सटकली तर अजून एक पाणी हवं, बोटाला खरखरीत लागली तर झालं.

८. दोन दिवस उन्हात ठेवल्या तरी भाजल्यावर चिवट लागतात. चूक कुठे होते?

मला येणाऱ्या दहा तक्रारींपैकी आठ याच असतात, आणि त्यांचं मूळ भाजण्यात नसून वाळवण्यात असतं. आपली हवा दमट. एप्रिल-मेचं ऊन कडक असतं म्हणून आपल्याला वाटतं बी वाळली, पण वरचं टरफल तासाभरात कोरडं होतं आणि आतला दाणा ओलाच राहतो. त्यात सुप रात्रभर अंगणात राहिलं, तर दिवसा गेलेला ओलावा पहाटेपर्यंत परत येतो.

माझी रीत अशी. धुतलेल्या बिया आधी जुन्या सुती पंच्यावर पसरून अर्धा तास पुसल्यासारख्या ठेवायच्या. मग सुपात किंवा स्टीलच्या ताटात एकेरी थर. प्लास्टिकवर नको, खालून घाम धरतं. सकाळी नऊला बाहेर, दुपारी एकदा हाताने उलथापालथ, आणि चार-साडेचारला, ऊन उतरायच्या आधी, आत. रात्री पंख्याखाली. असे तीन दिवस. गच्चीवर ठेवत असाल तर वर पातळ साडीचा तुकडा बांधा, कावळे आणि खारी दोघांनाही या बिया फार आवडतात.

वाळली का हे डोळ्यांनी कळत नाही. एक बी दोन्ही अंगठ्यांत धरून मोडा. वाकली तर अजून एक दिवस, कट्‌कन तुटली तर वाळली. दुसरी खूण कानाची: मूठभर बिया हलवल्या तर खुळखुळ असा कोरडा आवाज यायला हवा.

पाऊस लवकर आला तर ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सियसवर, दार किंचित उघडं ठेवून वाळवता येतात. दर दहा मिनिटांनी हलवत राहा आणि मोडून बघत राहा.

९. भाजायच्या कशा, आणि झाल्या हे कसं ओळखायचं? काळ्या बीचा रंग तर बदलत नाही.

बरोबर आहे, रंग बदलत नाही, आणि म्हणूनच लोक एकतर कच्च्या उतरवतात नाहीतर करपवतात.

जाड बुडाची कढई घ्या, लोखंडी असेल तर उत्तम. एक वाटी बियांना मंद ते मध्यम आचेवर साधारण १० ते १२ मिनिटं लागतात. तेल घालू नका. पहिली तीन-चार मिनिटं काहीच घडत नाही, तिथे धीर सोडून आच वाढवायची नाही. मग ओल्या धान्यासारखा वास येतो, तो जातो आणि त्या जागी भाजक्या शेंगदाण्याच्या जवळचा वास सुरू होतो. त्याच सुमाराला तडतड ऐकू येते, एखाद-दुसरी बी उडी मारते. आता झारा थांबवायचा नाही. एक बी काढून फोडा आणि दाण्याचा रंग बघा. पांढरा असेल तर अजून थोडं, फिका बदामी झाला की लगेच ताटात ओता. गॅस बंद करून कढईतच ठेवल्या तर तापलेलं लोखंड त्या पुढे भाजत राहतं.

गरम असताना खाऊन ‘कुरकुरीत नाही’ म्हणू नका. कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो.

ओव्हनमध्ये करायच्या तर १६० अंश सेल्सियस, एकेरी थर, १२ ते १५ मिनिटं, मध्ये एकदा हलवून. एअर फ्रायरमध्ये हलक्या बिया आतल्या आत उडतात, मला ते जमलेलं नाही.

१०. वरून मीठ घातलं तर ते खाली डब्यात पडतं. बीला धरत नाही.

कोरड्या बीला कोरडं मीठ धरणार नाहीच. दोन मार्ग आहेत.

घाईचा मार्ग: भाजत आल्या की दोन मोठे चमचे पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवून ते गरम कढईत शिंपडा. छर्र आवाज होईल, पाणी उडून जाईल आणि बियांवर मिठाचा पांढुरका थर राहील. एक-दोन मिनिटं परतून उतरवा.

सावकाश मार्ग, आणि चवीचा हाच: वाटीभर वाळलेल्या बिया दोन वाट्या पाण्यात एक मोठा चमचा मीठ घालून रात्रभर भिजवा, निथळा, पुन्हा पूर्ण वाळवा आणि मग भाजा. मीठ आत मुरतं. मी आगरातलं जाडं मीठ वापरते. आगरवाड्याच्या मिठागरांतलं किंवा बाजारात ढिगाने मिळतं ते गावठी मीठ, त्याची चव गोल असते. मात्र ते आयोडीनयुक्त नसतं, रोजच्या जेवणात दुसरं मीठ असू द्या.

११. मीठ-मिरचीशिवाय काही आपल्या चवीचं?

आगळ! सोलकढीसाठी कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला रस, प्रत्येक घरात असतंच. एक भाग आगळ, तीन भाग पाणी, त्यात वाटीभर बिया रात्रभर भिजवायच्या. आगळ मुळातच खारट असतं, म्हणून वेगळं मीठ घालू नये. सकाळी निथळून दोन दिवस कडकडीत वाळवायच्या आणि नेहमीसारख्या भाजायच्या, आच मात्र आणखी मंद. टरफलाला आंबट-खारट चव लागते आणि दातांनी फोडताना ती आधी जिभेवर येते. चार वाजताच्या चहाबरोबर आमच्याकडे या बिया पहिल्या संपतात.

तिखट हवं तर हरमलच्या मिरचीची पूड, उतरवल्यावर, कढई गरम असताना. आधी घातली तर करपून ठसका लागतो. गोडासाठी मगज गुळाच्या पाकात घालून चिक्की करा, अख्खी बी नको.

१२. टरफल सोलायचं की तसंच खायचं?

बी बारीक असेल आणि खमंग भाजलेली असेल तर तशीच चावा, पण खरंच चावा, नीट बारीक करून. मोठी बी सोलावी.

सोलायची कला हाताची नाही, दाताची आहे. बी उभी धरायची, टोकदार बाजू आत, कडा पुढच्या दोन दातांमध्ये. हलका दाब द्यायचा, टिक्‌ झालं की थांबायचं. जोर दिला तर दाणा चुरतो. मग बी किंचित फिरवून पुन्हा एक टिक्‌, टरफलाची दोन पाळी उघडतात आणि जिभेच्या शेंड्याने दाणा आत ओढायचा. पहिल्या दिवशी दहापैकी दोन अख्खे निघतात, आठवड्यात हात बसतो, म्हणजे दात बसतो. दातांना मुकुट किंवा कवळी असेल तर हा नाद नको, मगज घ्या (प्रश्न २).

१३. घरच्या बियांचा मगज घरी काढता येईल का?

येतो, पण वेळ फार जातो. कडक वाळलेल्या बिया कापडात गुंडाळून वरून लाटणं हलक्या दाबाने फिरवा, टरफलं तडकतात. सुपात पाखडा, उरलेले हाताने निवडा. वाटीभर मगजासाठी दोघीतिघींनी दुपारभर गप्पा मारत बसायची तयारी असेल तरच करा.

१४. पौष्टिक म्हणतात ते कितपत खरं? दिवसाला किती खाव्यात?

खरं आहे. १०० ग्रॅम सुक्या मगजात सुमारे २८ ग्रॅम प्रथिनं, ४७ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, ५१५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम, १० मिलिग्रॅम जस्त आणि ७ मिलिग्रॅम लोह असतं. पण त्याच १०० ग्रॅममध्ये सुमारे ५५७ किलोकॅलरीही असतात. हे आकडे सोललेल्या दाण्याचे आहेत, टरफलासकट वजन केलं तर ते लागू होत नाहीत. मूठभर मगज, म्हणजे २५-३० ग्रॅम, पुरे. टरफलासकट चावून खात असाल तर दोन-तीन मोठे चमचेच खा आणि बरोबर पाणी प्या.

१५. मुलाने बी गिळली! काही होईल का?

एखाद-दुसरी बी गुळगुळीतपणे दुसऱ्या दिवशी बाहेर पडते. पोटात वेल उगवत नाही, हे मुलांना हसून सांगा. सफरचंद किंवा जर्दाळूच्या बीबद्दल विषाची जी भीती असते, तशीही इथे नाही.

भीती दोन वेगळ्या गोष्टींची बाळगा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खी बी खायला देऊ नका, श्वासनलिकेत अडकू शकते. आणि मोठ्या मुलांनी न चावता ओंजळभर बिया टरफलासकट गिळल्या तर त्यांचा गोळा होऊन शौचाची वाट अडू शकते. पोट फुगलं, शौचाला होत नाही, कळ येते आहे, असं दिसलं तर घरगुती रेचक देत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

१६. मधुमेह, रक्तदाब, किडनीचा त्रास किंवा गरोदरपण असताना चालतात का?

मधुमेहात मूठभर मगज बहुतेकांना चालतो, चिक्की मात्र टाळा. रक्तदाब असेल तर बिनमिठाच्या भाजा. किडनीचा आजार असेल तर या बियांमधलं फॉस्फरस आणि मॅग्नेशियम लक्षात घेऊन आधी डॉक्टरांना विचारा, इथे माझ्या सांगण्यावर जाऊ नका. गरोदरपणी नीट भाजलेल्या, ताज्या बिया बेताने खायला हरकत नसते, पण प्रश्न १८ मधलं पथ्य दुप्पट पाळा.

१७. उपवासाला चालतात?

आमच्या घरी एकादशीला चालतात, सैंधव मीठ घालून. माझ्या मावशीच्या घरी चालत नाहीत. तुमच्या घरची रीत थोरल्यांना विचारा, तीच खरी.

१८. बिया कडू लागल्या तर?

सगळ्या थुंका आणि टाका. कडूपणाची कारणं वेगवेगळी असतात. करपल्या असतील तर नुसती चव गेली. तेलकट, जुन्या खोबऱ्यासारखा वास असेल तर खवट झाल्या. फळाचा गरच कडू होता, तर ते फळही खायचं नव्हतं, कडू दुधी खात नाहीत त्याच कारणासाठी. आणि बुरशीचा वास, करडे किंवा हिरवट ठिपके दिसले तर अजिबात दया नको. बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं आणि भाजल्याने ते जात नाही. ‘वरच्या चार काढल्या, खालच्या बऱ्या आहेत’ असं म्हणून वाचवू नका. एका जूनमध्ये मी अर्धवट वाळलेल्या बियांनी भरलेला मोठा डबा उघडला आणि आत राखाडी जाळं दिसलं. आख्ख्या हंगामाची बी खड्ड्यात पुरली. वाईट वाटलं, पण दुसरा इलाज नव्हता.

१९. पेरणीसाठी आणलेल्या पाकिटातली बी उरली आहे. ती भाजू का?

नाही! कधीच नाही. पेरणीच्या बीला बहुधा बुरशीनाशक चोळलेलं असतं, म्हणून ती गुलाबी, निळी किंवा हिरवी दिसते. धुऊन ते जात नाही. रंग दिसत नसला तरी पाकिटातली बी खाण्याची नव्हे. मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

२०. पुरुमेंतासाठी (पावसाळ्याच्या बेगमीसाठी) साठवायच्या तर किती दिवस टिकतील?

न भाजता, कडक वाळवून (प्रश्न ८), काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली ठेवल्या तर चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) सहज जातात. फ्रिजमध्ये त्याहून जास्त. भाजलेल्या बिया पावसात दोन आठवड्यांत संपवाव्यात, तेल सुटून खवट होतात. मऊ पडल्या तर दोन-तीन मिनिटं पुन्हा परता, फक्त एकदाच. ओला हात बरणीत घालायचा नाही, हा आमच्या घरातला सगळ्यात कडक नियम आहे.

२१. मोड आणून खाता येतात का?

येतात, पण आपल्या उकाड्यात मोड येण्याआधी आंबूस वास यायची भीती जास्त. रात्रभर भिजवून ओल्या कापडात बांधा, दिवसातून दोनदा धुवा, टोक दिसताच वाळवून भाजा. कच्चे खाऊ नका.

२२. चांगल्या कलिंगडाची बी खायला ठेवावी की पेरायला?

मनोहर पर्रीकर आपल्या पर्रा गावच्या कलिंगडांची आठवण भाषणात सांगत. पूर्वी हंगाम संपला की शेतकरी मुलांना बोलावून हवी तेवढी कलिंगडं खाऊ घालायचा. अट एकच, बी दाताखाली चावायची नाही, भांड्यात टाकायची. फळं निवडून सगळ्यात मोठी ठेवलेली असत, कारण त्यांचीच बी पुढच्या वर्षी पेरायची असे. पुढे त्या शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती शेत आलं, मोठी फळं बाजारात आणि लहान फळं मुलांपुढे, असं सुरू झालं आणि काही वर्षांत पर्र्याची ती मोठी कलिंगडं गेली.

म्हणून गावठी फळ विशेष गोड, विशेष मोठं निघालं तर त्याची बी खाऊ नका. वेगळी धुवा, सावलीत वाळवा, कागदाच्या पुडीत बांधून वर गाव आणि साल लिहा. संकरित फळाची बी मात्र पेरून तसंच फळ येत नाही, ती खुशाल कढईत घाला. दोन्ही पुड्या एका फळीवर ठेवू नका. आमच्याकडे पेरायची पुडी एकदा चुकून भाजली गेली आणि त्या वर्षी शेतात लावायला दुसऱ्यांकडे बी मागावी लागली.